वडिलांचा सीईए ६.४ आला आहे : रक्तातल्या आकड्यावर किती विसंबायचे?

अडाणकाठ
२१ जून, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहीत आहे. वडील ६३ वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी पोळा झाल्यावर त्यांच्या मोठ्या आतड्यातल्या कर्करोगाच्या गाठीचे नागपूरला ऑपरेशन झाले. शेजारच्या दोन लसिकाग्रंथींत आजार सापडला, म्हणून त्यानंतर सहा महिने केमो चालली आणि मार्चअखेरीस ती संपली.

ऑपरेशनआधी त्यांचा सीईए, म्हणजे या आजारावर पाळत ठेवायला रक्तात मोजतात तो आकडा, ३८ होता. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी तो २.६ वर आला आणि केमो संपली तेव्हा ३.१ होता. हे तिन्ही रिपोर्ट नागपूरच्या एकाच लॅबचे आहेत. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले होते, पण पाऊस पडला, पेरणी अंगावर आली आणि एका नळीभर रक्तासाठी जवळपास दोनशे किलोमीटर जाऊन येणे जमेना, म्हणून या वेळी रक्त यवतमाळला दिले. रिपोर्ट ६.४ आला आहे. आकडा ठळक अक्षरात छापलेला आहे आणि शेजारी वर जाणारा बाण आहे. तेव्हापासून घरात त्या बाणाशिवाय दुसरा विषय नाही.

वडिलांची भूक चांगली आहे, वजन उलट दोन किलोने वाढले आहे आणि परवा ते दिवसभर पेरणीवर उभे होते. स्कॅनची तारीख ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातली आहे. माझे विचारणे असे की, ३.१ चे ६.४ झाले म्हणजे आजार दुपटीने वाढला असे समजायचे का, आणि ऑगस्टपर्यंत थांबावे की आत्ताच फाइल घेऊन निघावे? बिडी त्यांनी ऑपरेशनच्या वेळी सोडली. निदान ते तसे सांगतात.

पांढरंसोनं
२१ जून, रात्री ९:४०

भाऊ, एका दिवसाच्या भावावर कापसाची गाडी भरू नये आणि एका दिवसाच्या भावावर कापूस घरात कोंडूनही ठेवू नये, एवढेच मला कळते. जाणकार येतीलच. तोवर काकाजींना तो बाण दाखवू नका.

नळी_नंबर_सात
२१ जून, रात्री १०:२५

मी वर्धा जिल्ह्यात अठरा वर्षे लॅबमध्ये काम करतो, म्हणून फक्त लॅबच्या बाजूने सांगतो. तुमचे ३.१ आणि ६.४ हे दोन आकडे एका रेघेवर मांडताच येत नाहीत, कारण ते दोन वेगळ्या यंत्रांवरून आलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

सीईए, अंडाशयासाठीचा सीए १२५, प्रोस्टेटसाठीचा पीएसए या सगळ्या तपासण्या प्रतिपिंडांवर (अँटिबॉडींवर) चालतात. प्रत्येक कंपनीच्या यंत्रातले प्रतिपिंड वेगळे असतात, आणि सीईए हे साखरेच्या फांद्यांनी लगडलेले प्रथिन असल्यामुळे प्रत्येक प्रतिपिंड त्याची थोडी वेगळी बाजू पकडतो. एकच रक्त दोन यंत्रांवर लावले तर एकीकडे ४ आणि दुसरीकडे साडेपाच असे होऊ शकते, आणि दोन्ही लॅब आपापल्या जागी बरोबर असतात. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात तपासणीची पद्धत लिहिलेली असते. दोन्ही कागद शेजारी ठेवून ती ओळ आधी वाचा.

पद्धत वेगळी असेल तर नागपूरच्या त्याच लॅबमध्ये एकदा रक्त द्या. यापुढे यवतमाळलाच द्यायचे असेल तर एकाच दिवशी दोन्हीकडे द्या, म्हणजे नव्या यंत्रावर तुमचा पाया कोणता ते कळेल.

आणखी एक गोष्ट लोक सांगत नाहीत. केमोनंतर केस विरळ झाले म्हणून पुष्कळ रुग्ण बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतात. ज्या यंत्रांची रचना बायोटिनच्या जोडावर बेतलेली आहे, त्यांच्यावर अशा रक्तातला सीईए खोटाच कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. गोळी चालू असेल तर रक्त देण्यापूर्वी लॅबला सांगा.

निवृत्त_आरोग्य_अधिकारी
२२ जून, सकाळी ६:५०

वरच्या सदस्यांनी लॅबची बाजू नेमकी मांडली आहे. मी रुग्णाच्या बाजूने लिहितो. मी कर्करोगतज्ज्ञ नाही, ग्रामीण रुग्णालयात ३१ वर्षे काढलेला एमबीबीएस आहे, त्यामुळे माझ्या लिहिण्याला तुमच्या डॉक्टरांच्या शब्दापेक्षा जास्त वजन देऊ नये.

सीईए हे प्रथिन १९६५ साली कॅनडातल्या माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या गाठीत ओळखले. गर्भाच्या आतड्यातही ते असते. जन्मानंतर ते जवळजवळ बंद होते आणि काही गाठी ते पुन्हा तयार करू लागतात. शरीर ते यकृतावाटे काढून टाकते, म्हणून यकृत बिघडले, कावीळ झाली, आतड्याला सूज असली तरी आकडा थोडा चढतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांतही तो चढलेला असतो. न ओढणाऱ्याला ३ च्या आसपासची मर्यादा लावतात आणि ओढणाऱ्याला ५ पर्यंत सूट देतात, ती त्यामुळेच. तेव्हा तुमच्या शेवटच्या वाक्यातले ‘निदान’ मला महत्त्वाचे वाटते. वडिलांना रागावून विचारू नका, आईला विचारा.

ऑपरेशनने सगळी गाठ निघाली असेल तर सीईए चार ते सहा आठवड्यांत खाली येतो. तुमच्याकडे ३८ चा २.६ झाला, याचा अर्थ वडिलांची गाठ सीईए तयार करणारी होती आणि त्यांच्या बाबतीत हा आकडा बोलतो. ज्यांचा ऑपरेशनआधीच ३ असतो, त्यांच्या बाबतीत तो पुष्कळदा मुका राहतो.

आता किती विसंबायचे ते सांगतो. कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले. ५ ही मर्यादा धरली तर आजार परतलेल्या १०० जणांपैकी सुमारे ७१ जणांत सीईए वाढलेला सापडला, आणि आजार न परतलेल्या १०० जणांपैकी सुमारे १२ जणांतही तो वाढलेला होता. म्हणजे आकडा चढला म्हणून आजार आलाच असे नाही आणि आकडा खाली आहे म्हणून स्कॅन टाळता येत नाही.

‘दुपटीने वाढला का’ या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. सीईए हा गाठीचे वजन करणारा काटा नाही. मात्र ऑगस्टपर्यंत थांबू नका. त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. आकडा पुन्हा ५ च्या वर आला, किंवा जुन्या ३.१ पेक्षा ठळकपणे चढलेला दिसला, तर छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन अलीकडे ओढून मागा.

संत्रेवाला
२२ जून, सकाळी ८:१५

म्हणजे वाढला तरी सांगता येत नाही आणि नाही वाढला तरी सांगता येत नाही. मग ही तपासणी करायची तरी कशाला? आमच्या गावचा ज्योतिषी एवढेच सांगतो आणि नारळावर भागवतो.

नळी_नंबर_सात
२२ जून, सकाळी ८:३१

ज्योतिषाला कुणी ‘तुमच्या १०० पैकी किती खोटे ठरले’ असे विचारत नाही. आम्हाला विचारतात आणि आम्ही ते छापतो.

शिक्षिका_पुसद
२२ जून, दुपारी ४:०५

संत्रेवाला दादांचा प्रश्न थट्टेचा असला तरी माझ्या आईच्या आजारपणात मी तोच प्रश्न गंभीरपणे विचारला होता, म्हणून सविस्तर लिहिते.

आईला अंडाशयाचा कर्करोग होता. तिच्या रक्तात सीए १२५ हा घटक बघत असत, ज्याची नेहमीची मर्यादा ३५ असते. सुरुवातीला आकडा ९०० च्या पुढे होता, आणि गमतीची म्हणावी की दुर्दैवाची, पण पहिल्या डॉक्टरांना पोटाचा क्षय वाटला होता. पोटात पाणी, ताप, वजन उतरलेले आणि सीए १२५ वाढलेला, हे सगळे क्षयातही होते, असे नंतर कळले. बायोप्सीने उलगडा झाला.

केमोनंतर तो १४ वर आला. त्यानंतर आम्ही दर महिन्याला तपासू लागलो. कुणी सांगितले नव्हते, आम्हीच करत होतो. रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस आई जेवत नसे. आकडा १४ चा १९ झाला, १९ चा २६ झाला. प्रत्येक रिपोर्ट ‘नॉर्मल’ होता आणि प्रत्येक रिपोर्टने घर हादरत होते. शेवटी तो ७० झाला आणि आम्ही फाइल घेऊन धावलो. आईला काही त्रास नव्हता, स्कॅनमध्येही काही दिसत नव्हते. डॉक्टर म्हणाले, ‘अजून औषध सुरू करायचे नाही.’ मला त्यांचा फार राग आला होता.

त्यांनी मग समजावले की २०१० साली युरोपातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सीए १२५ वाढलेल्या ५२९ स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाला आकडा वाढताच पुन्हा केमो दिली आणि दुसऱ्या गटाला त्रास जाणवू लागल्यावर दिली. पहिल्या गटाची केमो जवळपास पाच महिने आधी सुरू झाली, पण दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. फरक पडला तो एवढाच की पहिल्या गटाचे चांगले दिवस आधी संपले.

आई त्यानंतर सात महिने बिनऔषधाची राहिली. त्यात एक नातवाचे बारसे आणि एक गौरीपूजन झाले. मासिक तपासणी आम्ही बंद केली. आजही मला वाटते की ती सुरुवातीची दर महिन्याची रक्ते आम्ही तिच्यासाठी दिली नव्हती, आमच्या धीरासाठी दिली होती.

अडाणकाठ
२२ जून, रात्री ८:४४

ताई, तुमचे लिहिणे दोनदा वाचले. मग आम्हीही तपासायला नको होते का?

निवृत्त_आरोग्य_अधिकारी
२३ जून, सकाळी ७:१०

अडाणकाठ, तुमची आणि ताईंच्या आईची गोष्ट वेगळी आहे, आणि संत्रेवाला यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर या फरकातच आहे.

मोठ्या आतड्याचा आजार परतताना पुष्कळदा आधी यकृतात जातो आणि काही रुग्णांत तिथे एक-दोन गाठींपुरताच असतो. अशा वेळी यकृताचा तेवढा भाग काढता येतो आणि काही रुग्ण त्यानंतर पूर्ण बरे होतात. म्हणजे लवकर कळले तर हातात करण्यासारखे काही असते. म्हणूनच ऑपरेशननंतर पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी सीईए बघतात. ब्रिटनमध्ये १२०२ रुग्णांवर अभ्यास झाला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. नियमित सीईए केलेल्या गटातल्या ६.७ टक्के रुग्णांवर बरे करण्याच्या हेतूने पुन्हा शस्त्रक्रिया करता आली. त्रास झाला तरच या, असे सांगितलेल्या गटात हे प्रमाण २.३ टक्के होते. एकूण मृत्यूंमध्ये मात्र दोन्हीकडे ठळक फरक दिसला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

स्तनाच्या कर्करोगाचे उदाहरण याच्या उलट आहे. उपचार पूर्ण झालेल्या आणि काही त्रास नसलेल्या बाईचा सीए १५-३ वारंवार तपासू नये, असेच तज्ज्ञांच्या संघटना सांगतात. आमच्याकडे तरी तो सर्रास तपासला जातो.

झाडीकडचा
२३ जून, दुपारी १:२०

विषय निघाला आहे म्हणून आमच्या ब्रह्मपुरी भागातला किस्सा सांगतो. मागच्या हिवाळ्यात एका खासगी कंपनीचे लोक तालुक्याच्या गावी आरोग्य शिबिर घेऊन आले. ‘एका थेंबात कॅन्सर ओळखा’ असा फलक होता आणि पाच-सहा मार्करांचे, म्हणजे रक्तातल्या अशाच आकड्यांचे, पॅकेज अठराशे रुपयांना होते. आमच्याकडे तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाणारा माणूस शोधावा लागतो, त्यामुळे रांग लागली. आठ दिवसांनी सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल आले. आमच्या वाड्यातल्या एका भाऊंनी तो कागद पानठेल्यावर दाखवला आणि सगळ्यांना आपल्या पैशाने खर्रा खाऊ घातला.

त्यांचे तोंड तेव्हाही दोनच बोटे उघडत होते. गालात पांढरा चट्टा होता. मे महिन्यात बायोप्सी झाली आणि त्यात निघाले.

नळी_नंबर_सात
२३ जून, दुपारी २:०२

झाडीकडचा, हा किस्सा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावला पाहिजे. तोंडाच्या कर्करोगासाठी रोजच्या वापरातली भरवशाची रक्ततपासणी आज नाही. सीईए, स्वादुपिंडासाठीचा सीए १९-९, यकृतासाठीचा एएफपी हे सगळे नॉर्मल असताना गालात गाठ असू शकते. तोंड बघायला बॅटरी लागते, सुई लागत नाही. तीन आठवडे न भरणारी जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, कमी होत जाणारे तोंडाचे उघडणे, यांतले काहीही असेल तर सरळ दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

हे मार्कर आजार ओळखण्यासाठी फारसे कामाचे नाहीत. आजार ठरल्यावर त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी ते आहेत. शिबिरवाल्यांना हे माहीत असते.

पांढरंसोनं
२३ जून, दुपारी २:१५

खर्ऱ्यावर मुळाशीच बंदी घाला म्हटले तर अर्धा विदर्भ मोर्चा काढेल, आणि मोर्चात घोषणा कुणालाच देता येणार नाहीत, कारण तोंड भरलेले.

घाणेगाव_रिटर्न
२३ जून, सायंकाळी ६:३०

बुलढाणा जिल्ह्यातून लिहितो. आमच्याकडे उलटे झाले. वडिलांची प्रोस्टेट ग्रंथी पूर्ण काढली होती. दीड वर्षाने पीएसए ०.३ आला. कागदावर ‘० ते ४ नॉर्मल’ असे छापलेले, बाण नाही, ठळक अक्षर नाही. आम्ही देवळात नारळ फोडून आलो. फाइल दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून विचारले, ‘ग्रंथीच नाही तर हे ०.३ कुठून आले?’

४ ही मर्यादा ग्रंथी शाबूत असलेल्या माणसासाठी आहे. ग्रंथी काढल्यावर पीएसए जवळजवळ शून्य व्हायला हवा, आणि ०.२ च्या वर दोनदा आला की आजार परतला असे धरतात. ज्यांची ग्रंथी काढलेली नसते, फक्त शेक (रेडिएशन) दिलेला असतो, त्यांचा हिशोब आणखी निराळा असतो. त्यांच्यात सर्वांत खाली गेलेल्या आकड्यापेक्षा २ ने वर चढला तर धरतात. लॅबच्या संगणकाला यातले काही माहीत नसते. तो सगळ्यांना एकच बाण लावतो किंवा लावत नाही. वडिलांना वेळेवर शेक मिळाला आणि ते ठीक आहेत.

निवृत्त_आरोग्य_अधिकारी
२३ जून, रात्री ८:००

वा. छापील मर्यादा रुग्णासाठी नसतेच, हे मला चार परिच्छेदांत सांगता आले नसते. यात एक भर घालतो. सुमारे पाच ते दहा टक्के लोकांच्या रक्तगटाची जडणघडण अशी असते की त्यांच्या शरीरात सीए १९-९ तयारच होत नाही. त्यांच्या स्वादुपिंडात केवढीही गाठ असली तरी तो आकडा शून्याजवळ राहतो. उलट, पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तर कर्करोग नसतानाही तोच आकडा शेकड्यांनी चढतो.

वणा_नदी
२३ जून, रात्री ९:१८

हिंगणघाटहून. सगळे मार्कर इतके चंचल नसतात, म्हणून माझे सांगतो. मला २०१४ साली क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग निघाला. या आजारात दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल नावाचे जोडजनुक तयार होते, आणि आजार त्याच्यामुळेच होतो. रक्तातून ते मोजतात. म्हणजे माझ्या रक्तातला आकडा आजाराची सावली नाही, तो आजारच मोजतो.

इमॅटिनिबची गोळी सुरू केल्यावर तीन महिन्यांत तो १० टक्क्यांच्या आत आणि वर्षभरात ०.१ टक्क्याच्या आत यावा, अशी अपेक्षा असते. माझा वर्षाने ०.०८ आला. आणि वर ज्या लॅब-लॅबमधल्या फरकाची चर्चा झाली, तो इथे पुष्कळ प्रमाणात सोडवलेला आहे, कारण प्रत्येक लॅबने आपला आकडा आंतरराष्ट्रीय मापात रूपांतरित करून द्यायचा असतो. रिपोर्टवर ‘आयएस’ (म्हणजे हेच माप) लिहिले आहे का, ते मी आधी बघतो. सीईएसाठी असे का केले नाही, हे मला कळत नाही.

एकदा आकडा ०.०८ चा ०.९ झाला होता. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘गोळ्या चुकवल्या का?’ कापूस वेचणीच्या हंगामात मी दीड महिना एक दिवसाआड घेत होतो. रक्ताने चहाडी केली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या गोळीच्या मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला नसता, तर रोज घेण्याइतकी गोळी मला परवडलीच नसती, आणि मी ती आळसाने चुकवत होतो, याची लाज वाटते.

नळी_नंबर_सात
२३ जून, रात्री ९:५०

वणा_नदी, सीईएसाठीही जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण द्रव्य आहे. पण जनुकाचा क्रम सगळीकडे एकच असतो, आणि साखरेने लगडलेले प्रथिन गाठीगणिक थोडे वेगळे असते. एकाच मापाने दोन्ही तोलता येत नाहीत.

सूक्ष्मदर्शक
२४ जून, सकाळी ११:३५

मी अमरावतीला जैवतंत्रज्ञान शिकते. इथे अजून रक्तात सापडणाऱ्या, कर्करोगाच्या गाठीच्या डीएनएबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात सांडतात. हे १९४८ सालापासून माहीत आहे. कर्करोगाच्या पेशीही मरतात, आणि त्यांच्या तुकड्यांवर गाठीतले बदल जसेच्या तसे असतात. सीईए रक्तातून उतरायला दिवस लागतात, हे तुकडे मात्र एक-दोन तासांत निम्मे होतात, त्यामुळे ते आजची स्थिती सांगतात. अडाणकाठ यांच्या वडिलांसारख्या रुग्णांसाठी यावर बरेच काम चालू आहे. २०२२ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. दुसऱ्या टप्प्यातल्या आतड्याच्या कर्करोगाचे ४५५ रुग्ण होते. ऑपरेशननंतर रक्तात असे तुकडे सापडले तरच केमो द्यायची, असे एका गटात ठरवले. त्या गटात १५ टक्के रुग्णांना केमो लागली, नेहमीच्या गटात २८ टक्क्यांना, आणि दोन वर्षांनी आजार न परतण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे होते, ९३.५ आणि ९२.४ टक्के. म्हणजे कितीतरी लोकांची केमो वाचली. मला वाटते की पुढच्या दहा वर्षांत सीईए मागे पडेल.

नळी_नंबर_सात
२४ जून, दुपारी १२:१०

बाळ, तुझे म्हणणे पुस्तकात बरोबर आहे. आता ते दारव्ह्यात आणून बघू. साध्या जांभळ्या झाकणाच्या नळीत ते रक्त ठेवले तर काही तासांत पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांचा डीएनए सांडून गाठीचे मोजके तुकडे त्यात हरवतात. एकतर काही तासांतच फिरवून प्लाझ्मा वेगळा करून गोठवायचा, नाहीतर पेशी टिकवून धरणारी खास नळी वापरायची. जूनमध्ये ४२ अंशांवर एसटीच्या टपावर पार्सल ठेवले, तर त्या नळीचाही इलाज चालत नाही. आणि या तपासणीचा खर्च सीईएच्या कितीतरी पट आहे.

निवृत्त_आरोग्य_अधिकारी
२४ जून, दुपारी ३:४०

फुप्फुसाच्या कर्करोगात मात्र ही तपासणी आजही कामाची आहे. ईजीएफआर या जनुकातल्या बदलावरच्या गोळीने काम करणे थांबवले, आणि पुन्हा छातीत सुई घालणे धोक्याचे असले, तर रक्तातून टी७९०एम हा त्याच जनुकातला पुढचा बदल सापडतो का ते बघून पुढची गोळी ठरवता येते. तिथे उत्तर मिळाल्यावर काय करायचे ते ठरलेले असते. आतड्याच्या आजारात तुकडे सापडले आणि स्कॅन कोरा असला, तर रुग्णाला काय द्यावे, यावर अजून एकमत नाही. शिक्षिका ताईंच्या आईचा प्रश्न तिथे नव्या रूपात उभा राहतो.

सूक्ष्मदर्शक
२४ जून, दुपारी ४:०२

मान्य आहे, सर. नळीचा मुद्दा माझ्या प्राध्यापकांनीही सांगितला नव्हता.

अडाणकाठ
३० जून, रात्री ८:३०

सर्वांचे उत्तर वाचून परवा नागपूरला जाऊन आलो. दोन्ही रिपोर्टच्या तळाच्या ओळी खरोखरच वेगळ्या होत्या. त्याच जुन्या लॅबमध्ये सीईए ५.९ आला आहे. आईने सांगितले की वडील रोज संध्याकाळी गोठ्यामागे तीन-चार बिड्या ओढतात. वडिलांनी तेही मान्य केले आणि ‘काहून रे, रक्तात बिडी बी दिसते का?’ असे विचारले.

बिडीने झाले असेल, असे धरून घरी सगळ्यांना हलके वाटते आहे. मला तसे वाटत नाही.

निवृत्त_आरोग्य_अधिकारी
३० जून, रात्री ९:०५

तुम्हाला वाटते ते योग्य आहे. ऑपरेशनआधी ते बिडी ओढत होते आणि नंतर २.६ पर्यंत खाली आले, यावरून बिडीचा वाटा किती होता ते नक्की सांगता येत नाही. पण त्याच यंत्रावर ३.१ चा ५.९ होणे ही चढण आहे. बिडी हे एक कारण असू शकते, त्या एका कारणावर स्कॅन पुढे ढकलू नये. दोन्ही रिपोर्ट, तारखा आणि लॅबची नावे एका कागदावर लिहून डॉक्टरांसमोर ठेवा आणि स्कॅन लवकर मागा.

संत्रेवाला
१ जुलै, सकाळी ७:४५

थट्टा केली होती, ती मागे घेतो. काय निघते ते इथे जरूर कळवा.

अडाणकाठ
१९ जुलै, रात्री ९:५०

स्कॅन १० तारखेला झाला. यकृताच्या उजव्या भागात एकच गाठ आहे, २.२ सेंटिमीटरची. त्यानंतर सगळ्या शरीराचा पेट स्कॅन झाला, दुसरीकडे कुठेही काही नाही. डॉक्टरांच्या बैठकीत फाइल ठेवली होती. यकृताचा तेवढा भाग काढता येईल, असे ठरले आहे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. शस्त्रक्रियेनंतर केमो लागेल की नाही ते पुढे ठरवणार आहेत.

मी डॉक्टरांना विचारले की जुन्या तारखेपर्यंत, म्हणजे ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, थांबलो असतो तर काय झाले असते. ते म्हणाले, ‘कदाचित हेच झाले असते, कदाचित गाठ मोठी असती. हे मला सांगता येत नाही.’ त्यांचे हे उत्तर मला आवडले.

शिक्षिका_पुसद
१९ जुलै, रात्री १०:२०

दादा, बातमी वाईट आहे आणि त्यातल्या त्यात चांगलीही आहे. काकांना सांगा, एका गाठीवर आले आहे, यालाच फार लोक तरसतात.

नळी_नंबर_सात
१९ जुलै, रात्री १०:४१

शस्त्रक्रियेच्या दोन-तीन दिवस आधी त्याच लॅबमध्ये सीईए एकदा करून ठेवा. नंतर तो किती उतरला हे मोजायला वरचा आकडा ताजा लागतो. आणि शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात घाईने करू नका. यकृत कापल्यावर ते स्वतःच थकलेले असते आणि आकडा उतरायला वेळ लागतो. डॉक्टर सांगतील तेव्हा, साधारण महिन्या-दीड महिन्याने करा.

अडाणकाठ
१९ जुलै, रात्री १०:५५

रक्त ३ तारखेला देऊ, त्याच लॅबमध्ये. बिडीचा कट्टा वडिलांनी काल आईच्या हातात आणून दिला. शस्त्रक्रियेसाठी दहा-बारा दिवस नागपूरला राहावे लागेल. मेडिकल कॉलेजच्या जवळपास स्वस्त खोली कुणाला माहीत असल्यास सांगावे.

पांढरंसोनं
१९ जुलै, रात्री ११:०२

माझा भाचा हनुमाननगरात राहतो, वरची खोली रिकामी आहे, भाडे नको. व्यक्तिगत निरोपात नंबर टाकतो. येताना काकाजींसाठी घरची ज्वारी घेऊन या, भाच्याकडे फक्त मॅगी असते.